पार्श्वभूमी : गोधडी संग्रहालयाच्या भिंतीवर येते तेव्हा

पर्यावरण या विषयावरची वस्त्रकला पुण्यातल्या एखाद्या संग्रहालयात मांडायची झाली, तर कापड संग्रहालयात प्रथम शिरले ते कला म्हणून नव्हे, हे ध्यानात घ्यावे लागते. घोले रस्त्यावरचे महात्मा फुले संग्रहालय १८९० मध्ये लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालय म्हणून सुरू झाले आणि अशा मांडणीत कापड म्हणजे मालाचा नमुना. पुढे सुमारे १९२० पासून दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, फण्या, वस्त्रे अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली आणि त्यातून राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. रोजच्या वापरातली वस्तू जपण्याजोगी असते ही दृष्टी या शहराला त्यांच्यामुळे लाभली, आणि तिचे मोल फार मोठे आहे.

चित्र-शिल्पांच्या पंक्तीत कापड बसले ते मात्र बरेच उशिरा. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९६२ पासून विणलेल्या कलाकृतींची द्वैवार्षिक प्रदर्शने भरू लागली. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांनी बंदरांवर टाकून दिलेले जुने दोर गोळा केले, ते उकलले आणि त्यांतल्या घायपाताच्या वाखातून माणसाहून उंच आकार विणले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अशा कामांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. आपल्याकडे मृणालिनी मुखर्जी १९७०च्या दशकापासून रंगवलेल्या दोऱ्यांना गाठी मारत झाडासारखी, देवतेसारखी भासणारी शिल्पे घडवत होत्या.

पर्यावरणाचा प्रश्न उघडपणे कापडातून मांडणाऱ्या कामांमध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या भगिनींचा २००५ मध्ये सुरू झालेला क्रोशाच्या प्रवाळांचा प्रकल्प महत्त्वाचा मानला पाहिजे. दाइना ताइमिन्या या गणितज्ञ स्त्रीने १९९७ मध्ये क्रोशाने विणून दाखवलेल्या वक्र पृष्ठभागांवर तो उभा आहे. टाके ठरावीक प्रमाणात वाढवत नेले की कडेला चुण्या पडतात, आणि त्या चुण्या थेट प्रवाळासारख्या दिसतात.

परंतु विषय केवळ चित्रात नसतो, तो धाग्यात आणि रंगातही असतो, असे मला वाटते. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना डांबरापासून जांभळा रंग मिळाला, १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि रंगाचे शेताशी असलेले नाते तुटत गेले. घोंगडीत ते नाते अजून दिसते : दख्खनी मेंढीची राठ लोकर, ताण्याला चिंचोक्यांची खळ, आणि या सगळ्यामागे धनगरांची चराऊ माळराने. माळ आक्रसला की कळप घटतात आणि मागही थांबतो. म्हणून घोंगडीशेजारच्या पाटीवर नुसते ‘लोकर’ लिहून भागणार नाही. ती मेंढी कोणत्या माळावर चरली, हेही तिथे आले पाहिजे.

गोधडीचेही असेच आहे. वर एखादे धड राहिलेले लुगडे, आत विरलेल्या धोतरांचे आणि परकरांचे थर, आणि बोटभर अंतराने कडेकडून आत जाणाऱ्या धावदोऱ्याच्या रांगा. जे कापड बोहारणीलाही देण्याजोगे उरत नसे, ते गोधडीत जाई. तिची उलटी बाजू अवश्य पाहावी, कारण दोरा कुठे संपला, नवा कुठे जोडला आणि फाटल्यावर ठिगळ कुठल्या कापडाचे लावले, हे तिथेच कळते. म्हणून ती भिंतीला चिकटवून न टांगता दोन्ही बाजूंनी फिरता येईल अशी, दांडीवर सोडणे मला योग्य वाटते.

अडचण उजेडाची आहे. रंग उडू नयेत म्हणून संग्रहालयांत कापडावरचा प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) ठेवतात. ज्या गोधडीला घरी वर्षानुवर्षे गच्चीवर ऊन दाखवले गेले, तिच्यावरचे टाके त्या मंद उजेडात नीट दिसण्यासाठी पाहणाऱ्याला दाराशी क्षणभर थांबून डोळे सरावू द्यावे लागतात, आणि दालनाची आखणी करताना तेवढी जागा दाराशीच राखून ठेवावी लागते.