आरव्ही फर्नेसची दुरुस्ती

मोटरहोम, ट्रॅव्हल ट्रेलर, कॅम्पर अशा चाकांवरच्या घरांना मिळून ‘आरव्ही’ म्हणतात. त्यांत हवा तापवण्यासाठी प्रोपेनवर चालणारी जी भट्टी बसवलेली असते, ती आरव्ही फर्नेस. भट्टी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लोहाराची किंवा विटांची भट्टी येते. ही मात्र कपाटाखाली किंवा फ्रिजच्या खालच्या खणात मावणारी पत्र्याची पेटी असते. तिची दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा शोधकामच. ही फर्नेस संशय येताच न पेटण्यासाठी बनवलेली आहे. त्यामुळे ‘फर्नेस बंद पडली’ या तक्रारीमागे पुष्कळदा फर्नेस शाबूतच असते. तिला पेटण्याची परवानगी कुठेतरी अडलेली असते.

उत्तर अमेरिकेतील आरव्हींमध्ये मुख्यतः दोन घराण्यांच्या फर्नेस आढळतात. एक टेनेसी राज्यातील डेटन येथील सबर्बन कंपनीची आणि दुसरी अ‍ॅटवुडची. अ‍ॅटवुड २०१४ मध्ये डोमेटिक या स्वीडिश मूळ असलेल्या कंपनीकडे गेली, त्यामुळे जुन्या पेटीवर एक नाव आणि नव्या सुट्या भागावर दुसरे, असा प्रकार नेहमी दिसतो. ताशी १२,००० ते ४०,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) हा या फर्नेसचा सर्वसाधारण आवाका. आतली रचना कोणत्याही घराण्याची असली तरी मिळतीजुळती असते. एकच १२ व्होल्टची मोटर, तिच्या दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखचाके. लहान चाक बाहेरची हवा ज्वलनकक्षात ढकलते आणि जळालेला वायू बाहेर काढते. मोठे चाक खोलीतली हवा हीट एक्स्चेंजरच्या तापलेल्या पत्र्यावरून फिरवून डक्टमध्ये सोडते. या दोन हवा एकमेकींना कुठेही भेटत नाहीत. दुरुस्ती करताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

पेटण्याचा क्रम

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी फक्त पंखा सुरू होतो. त्याने पुरेसा वेग घेतला, म्हणजे अ‍ॅटवुडच्या फर्नेसमध्ये नेहमीच्या वेगाच्या सुमारे ७५ टक्के, की वाऱ्याच्या झोताने सेल स्विच दाबला जातो आणि त्यातून वीज पुढे जाते. त्याच मार्गावर लिमिट स्विच असतो. पेटी जास्त तापली तर तो मार्ग तोडतो. दोन्ही स्विचांनी होकार दिला की सर्किट बोर्ड काही सेकंद थांबतो. आत उरलासुरला गॅस असेल तर पंख्याने तो बाहेर टाकावा, यासाठी हा थांबा असतो. मग बोर्ड गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि इलेक्ट्रोडवर ठिणग्या पाडतो. सुमारे सात सेकंदांत ज्योत जाणवली नाही तर गॅस बंद. काही बोर्ड एकाच प्रयत्नात हार मानतात, काही तीनदा प्रयत्न करतात आणि मग ‘लॉकआउट’मध्ये जातात, म्हणजे प्रयत्नच थांबवतात. थर्मोस्टॅट बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केला की गणती पहिल्यापासून सुरू होते.

हा क्रम कानांनी ओळखता येतो, आणि मल्टिमीटर हातात घेण्याआधी तेच करावे. जमिनीवर बसून थर्मोस्टॅट वाढवायला सांगायचे. आधी रिलेचा ‘टक’, मग पंख्याची चढत जाणारी घरघर, पंधरा-वीस सेकंदांनी गॅस व्हॉल्व्हचा आणखी एक ‘टक’, त्याला लागूनच ठिणग्यांचा ‘टिक-टिक-टिक’ आणि शेवटी ज्योत धरल्याचा दबका ‘भुस्स’. आवाजांची मालिका जिथे तुटते त्याच्या जरा अलीकडे दोष असतो. पंखा फिरतोय पण व्हॉल्व्हचा टक नाही, तर सेल स्विच, लिमिट स्विच किंवा व्होल्टेज पाहायचे. ठिणग्या ऐकू येतात पण भुस्स नाही, तर गॅस. भुस्स झाला आणि काही सेकंदांत विझला, तर ज्योत ओळखण्यात गफलत. एवढे न करता थेट नवा बोर्ड मागवणारे बरेच असतात. जुना बोर्ड बहुधा निर्दोष निघतो.

व्होल्टेज

पहाटे तीनला फर्नेस बंद पडते आणि सकाळी गाडी चार्जिंगला लावताच मुकाट चालू लागते, ही या यंत्राची सर्वांत नेहमीची तक्रार. हिशेब साधा आहे. पंखा सात अँपिअर घेतो आणि थंड रात्री अर्धा वेळ चालतो असे धरले, तर दहा तासांत ३५ अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून तिची तब्येत सांभाळून निम्मेच काढता येतात आणि कडाक्याच्या थंडीत तिची क्षमता आणखी घटते. त्यात फ्रिजचा बोर्ड, दिवे, गॅस शोधक यांचा वाटा वेगळाच. व्होल्टेज उतरले की पंखा मंदावतो, मंद वाऱ्याने सेल स्विच दाबला जात नाही, म्हणून गॅस उघडत नाही. पंखा मात्र गार हवा फेकत फिरत राहतो आणि उरलीसुरली बॅटरीही पिऊन टाकतो.

निर्माते साधारणतः १०.५ व्होल्ट ही खालची मर्यादा सांगतात. मोजमाप फर्नेसच्या टोकाला, आणि तेही पंखा चालू असताना घ्यायचे. बॅटरीवर १२.४ आणि फर्नेसपाशी १०.६ असा फरक दिसला तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. मधली वायर बारीक आहे, जोड सैल आहे किंवा अर्थिंगचा स्क्रू गंजला आहे. ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली अर्थ वायर रस्त्याच्या पाण्याने कुजते आणि वरून अगदी धडधाकट दिसते.

सेल स्विच आणि किड्यांची घरे

सेल म्हणजे शीड. नावाप्रमाणे या स्विचला बोटभर रुंदीची पातळ पट्टी असते आणि वाऱ्याने ती झुकली की आतला सूक्ष्म स्विच दाबला जातो. पाळीव कुत्र्याचा एक लांब केस तिच्या बिजागरीत गुंडाळला गेला तरी सगळी फर्नेस ठप्प होते. पट्टी बोटाने हलवून पाहायची: ती स्वतःच्या जोराने झटकन मागे यायला हवी आणि दाबताना बारीक ‘टिच्’ ऐकू यायला हवे. परीक्षेपुरते तिच्या दोन वायरी क्षणभर जोडून दोष पक्का करता येतो. पण ती जोडणी तशीच ठेवून ‘चालतंय ना’ म्हणणे म्हणजे पंखा बंद असतानाही गॅस उघडण्याची मुभा देणे होय. अशी जुगाडे जुन्या गाड्यांत सापडतात आणि सापडली की आधी तीच काढायची.

प्रोपेनला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. हा वास कोळ्यांना आणि गांधीलमाश्यांच्या जातीतील काही किड्यांना खेचतो असे आरव्हीवाले सांगतात. वासाचे काहीही असो, घरटी मात्र खरी असतात. उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाहेरच्या धुराड्यात टॉर्च मारला तर नळीच्या भिंतीला चिकटलेले, बोटाच्या पेरांसारखे मातीचे कप्पे दिसतात. माती वाळून इतकी घट्ट होते की फुंकर किंवा हवेचा पाइप तिचे काही करू शकत नाही. नळी काढून खरवडावीच लागते. बर्नरच्या ओरिफिसमध्ये, म्हणजे गॅस सुटण्याच्या बारीक छिद्रात, कोळ्याचे एखादे जाळे असले तरी ज्योत पिवळी आणि डळमळती होते. यावर बाजारात धुराड्याला लावायच्या जाळ्या मिळतात. मोह होण्यासारख्याच आहेत, पण काही निर्माते त्यांना स्पष्ट मनाई करतात, कारण त्या हवेचा मार्ग अडवतात आणि त्यांवर बर्फ धरू शकते. हंगामापुरते झाकण लावून पहिल्या थंडीआधी ते आठवणीने काढणे हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग.

गॅस

ठिणगी आहे आणि ज्योत नाही, तेव्हा आधी स्वयंपाकाची शेगडी पेटवून पाहावी. तीही मलूल जळत असेल तर फर्नेस उघडण्याचे कारण नाही. सिलिंडर बदलल्यावर नळीत हवा असते. शेगडीवर ती निघून जाईपर्यंत फर्नेस दोन-तीनदा लॉकआउट होणारच. दुसरा फसवा प्रकार असा: सिलिंडरचा व्हॉल्व्ह एकदम झटक्यात उघडला की जोडणीतील अतिप्रवाह-रोधकाला नळी तुटल्यासारखे वाटते आणि तो गॅस अगदी धारेपुरता सोडतो. शेगडीचा एक बर्नर त्यावर जळतो, फर्नेस मात्र उपाशी राहते. सगळी उपकरणे आणि सिलिंडर बंद करून, जरा थांबून, व्हॉल्व्ह सावकाश उघडला की झाले.

दाब मॅनोमीटरने मोजतात. उत्तर अमेरिकेत पाण्याच्या स्तंभाची ११ इंच उंची हे प्रमाण आहे. ते फक्त ०.४ पीएसआय भरते, म्हणून टायरच्या गेजने ते मोजता येत नाही. बाकीची उपकरणे चालू ठेवून मोजताना दाब घसरत असेल तर रेग्युलेटर थकलेला असतो. रेग्युलेटरला मुदत असते हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. सिलिंडर रिकामा होण्याचाही अंदाज हवा: २० पौंडांच्या सिलिंडरमधून सुमारे ४,३०,००० बीटीयू मिळतात, म्हणजे ३०,००० बीटीयूची फर्नेस सलग जाळली तर जेमतेम चौदा तास. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप होत राहतो. ब्यूटेन मात्र शून्याच्या जराच खाली द्रव राहू लागतो. म्हणून मिश्र गॅस वापरणाऱ्या देशांत हिवाळ्यात अर्धा भरलेला सिलिंडरही ‘संपल्या’सारखा वागतो.

गळती साबणाच्या फेसानेच तपासायची. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. गॅस शोधक तळाशी बसवतात तो त्यासाठी.

ज्योत पेटून विझणे

बोर्ड ज्योत डोळ्यांनी पाहत नाही. ज्योतीतून वीज एका दिशेने जास्त सहज वाहते. इलेक्ट्रोड आणि बर्नरच्या मधून जाणारा हा काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह मिळाला की बोर्डाची खात्री पटते. इतक्या क्षीण प्रवाहाला इलेक्ट्रोडवरचा काजळीचा पापुद्रा, त्याच्या चिनीमातीला गेलेला तडा किंवा बर्नरच्या अर्थ वायरवरचा गंज पुरे होतो. इलेक्ट्रोडचे अंतर साधारण तीन मिलिमीटर ठेवतात. अर्थचा जोड घासून घट्ट करणे आणि बोर्डाच्या कडेची तांब्याची बोटे शाळेतल्या खोडरबराने पुसणे, या दोन कामांनी वाचलेले बोर्ड कमी नाहीत.

थोडा वेळ नीट चालून बंद पडणे, पंखा फिरत राहणे, मग पुन्हा पेटणे असा खेळ चालला असेल तर लिमिट स्विच आपले काम करतोय असे समजावे. तो बदलण्याआधी हवेचा रस्ता बघायचा. परतीच्या हवेच्या जाळीपुढे कपड्यांचा ढीग, बंद केलेले व्हेंट, फरशीखाली दबलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली डक्ट, यांपैकी काहीतरी निघते.

काहीच सुरू होत नसेल तर फ्यूज, फर्नेसवरचा छोटा स्विच किंवा ब्रेकर आणि मग थर्मोस्टॅट. जुन्या दोन वायरींच्या थर्मोस्टॅटच्या वायरी एकमेकींना लावताच पंखा फिरला, तर दोष थर्मोस्टॅटचा. डिजिटल नियंत्रणाच्या बहुवायरी प्रकारात हा प्रयोग करू नये.

मोटर बदलताना दोन चुका हमखास होतात. पंखचाकांचे स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर न बसवल्याने चाके सरकतात आणि पत्र्याला घासून खरखरतात. दुसरी चूक जास्त चकवते. मोटर कायम चुंबकाची असल्याने वायरी उलट लागल्या तर ती उलटी फिरते. आवाज अगदी नेहमीसारखा येतो, वारा मात्र कमी पडतो आणि माणूस सेल स्विचच्या मागे लागतो. ज्वलनकक्ष उघडला की गॅस्केट नवीनच घालायचे.

जिथे दुरुस्ती नाही

हीट एक्स्चेंजरला चीर किंवा गंजाने भोक पडले असेल तर वेल्डिंग, सिमेंट, पेस्ट काहीही चालत नाही. तो भाग किंवा सगळी फर्नेस बदलायची. हाच पत्रा जळालेला वायू आणि झोपलेल्या माणसांची हवा यांच्या मधे असतो. बाहेरच्या धुराड्याभोवती काळी काजळी, आत डोळ्यांना झोंबणारा वास या खुणा दिसल्या तर रात्र त्या फर्नेसवर काढू नये. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग-वास नसतो. डोकेदुखी आणि मळमळ हीच त्याची पहिली चाहूल आणि ती प्रवासाच्या थकव्यात मुरून जाते. अमेरिकेतील एनएफपीए ११९२ या मानकात त्याचा अलार्म त्यासाठीच आहे. अलार्मच्या पाठीवर बदलण्याची तारीख छापलेली असते.

गॅस व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर उघडून आत हात घालण्याचे कारण नाही. ते अख्खेच बदलतात.

युरोपातील कॅराव्हॅनमध्ये ट्रूमा या १९४९ साली स्थापन झालेल्या जर्मन कंपनीची गॅस उपकरणे जास्त दिसतात. त्यांतला दाब ३० मिलिबार असतो, म्हणून एका खंडाचा रेग्युलेटर दुसऱ्या खंडाच्या फर्नेसला लावू नये. वेबास्टो किंवा एबरश्पेखरसारखे डिझेल हीटर हा वेगळा विषय: तिथे ठिणगीऐवजी ग्लो प्लग असतो आणि सतत मंद आचेवर चालवल्याने धरणारी काजळी ही मुख्य डोकेदुखी. अशा हीटरला अधूनमधून तासभर पूर्ण जोरात पळवतात.