घोडा चालतो, शरीर शिकतं

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं. असं मूल पहिल्यांदा घोड्यावर बसतं, तेव्हा सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. फिजिओथेरपिस्टची नजर मात्र त्याच्या कमरेवर असते. घोडा पाऊल टाकतो, त्याची पाठ जराशी कलते, पुढे सरकते, किंचित वळते, आणि तसंच्या तसं मुलाच्या कमरेत उतरतं. आपण चालतो तेव्हा आपली कंबरही अशीच तिन्ही अंगांनी हलते. म्हणजे जे मूल कधी धड चाललेलंच नाही, त्याच्या शरीराला चालणं कसं असतं हे इथे बसल्या बसल्या कळतं. घोडा मिनिटाला साधारण 100 पावलं टाकतो. इतक्या वेळा, इतक्या एकसारख्या लयीत हा व्यायाम माणसाच्या हातांनी करून घेणं जवळपास अशक्य आहे.

या उपचाराला हिप्पोथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा. इथे घोडेस्वारी शिकवायची नसते. लगाम मुलाच्या हातात नसतोच. एक जण घोडा धरून चालतो, दोन्ही बाजूंना दोघं मुलाला आधार देतात आणि थेरपिस्ट घोड्याची चाल बदलायला सांगते. लांब ढांगा, मग आखूड पावलं, मग गोल फेरी, मग एकदम थांबा. घोडा थांबला की मुलाचं धड पुढे झुकतं आणि ते सावरायला पोटाचे, पाठीचे स्नायू झटकन कामाला लागतात. खरा उपचार तो सावरण्याचा क्षण. कधी मुलाला उलटं, शेपटीकडे तोंड करून बसवतात, की तोल नव्याने शोधावा लागतो.

सेरेब्रल पाल्सीत अनेकदा मांड्यांच्या आतले स्नायू इतके ताठ असतात की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. घोड्यावर मांड घातली की ते हळूहळू ताणले जातात. बऱ्याचदा खोगिराऐवजी जाड कापडच असतं, त्यामुळे घोड्याच्या अंगाची, सुमारे 38 अंश सेल्सिअसची, ऊबही मिळते.

मग नुसतं पाय फाकवून बसवलं तर? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेमकं तेच तपासलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या 15 मुलांपैकी काहींना 8 मिनिटं चालत्या घोड्यावर, तर बाकीच्यांना तितकाच वेळ स्थिर पिंपावर बसवलं. घोड्यावर बसलेल्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कामातली तफावत कमी झाली. पिंपावरच्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, पण गुण चालीत आहे याकडे त्याने बोट दाखवलं.

घोड्याची साथ मोठ्यांनाही मिळाली आहे. डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांना 1944 मध्ये, गरोदर असताना, पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढायलाही मदत लागायची. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या अश्वक्रीडा प्रकारात पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक जिंकलं आणि 1956 मध्ये पुन्हा एकदा. अपंगांसाठी घोडेस्वारीच्या चळवळीला यातून मोठं बळ मिळालं.

पालकांना मात्र स्पष्ट सांगायला हवं: मेंदूला झालेली इजा याने भरून येत नाही आणि नेहमीची फिजिओथेरपी सोडायची नसते. आटोक्यात नसलेल्या फिट्स, निखळलेला खुबा, ठिसूळ हाडं असतील तर घोड्यावर बसवणं धोक्याचं. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी हवीच.

आणि तपासणी घोड्याचीही लागते. नुसता गरीब स्वभाव पुरत नाही. तो एका पायाने जरी लंगडत असला, तर ती लंगडी लयच मुलाच्या कमरेत उतरेल. म्हणून मुलाला वर बसवण्याआधी घोड्याला मोकळा चालवून त्याची चारही पावलं नीट पडताहेत ना, हे बघून घेतात.