पार्श्वभूमी : कंट्री रेडिओच्या माइकमागचा सल्ला

अमेरिकेतील कंट्री संगीताच्या (म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या संगीतप्रकाराच्या) रेडिओ केंद्रांना आज दोन प्रकारचा सल्ला विकत मिळतो. कोणते गाणे दिवसातून किती वेळा वाजवावे, हा एक. आणि माइकसमोर बसलेल्या निवेदकाने काय, किती आणि कोणत्या सुरात बोलावे, हा दुसरा. या सल्ल्याचा इतिहास पाहायचा तर गाण्यांच्या आवडीनिवडीइतकेच लक्ष श्रोते मोजण्याच्या पद्धतींकडे द्यावे लागते, कारण मोजणी बदलली की सल्ला बदलला, असेच गेल्या शंभर वर्षांत घडत आले आहे.

आरंभी मोजणी अशी नव्हतीच. श्रोत्यांची पत्रे आणि तारा हेच काय ते माप होते. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीने ऑक्टोबर १९२५ मध्ये डब्ल्यूएसएम हे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जॉर्ज हे यांनी अंकल जिमी थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाला (फिडल म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन) माइकसमोर बसवले आणि त्यातून जो साप्ताहिक कार्यक्रम उभा राहिला, त्याला १९२७ मध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव मिळाले. जॉर्ज हे स्वतः शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावरून आलेले नामवंत निवेदक होते. वादकांनी मातीशी नाते सोडू नये, असे ते वारंवार बजावत आणि तेवढ्यावर न थांबता वेशभूषेतही लक्ष घालत. नीटनेटका सूट घालून येणाऱ्या वादकांना त्यांनी शेतकऱ्यांचे कपडे चढवायला लावले, डॉ. हम्फ्री बेट या वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांच्या वाद्यवृंदाला ‘पॉसम हंटर्स’ असे रानटी थाटाचे नाव दिले. कंट्री रेडिओवरील व्यक्तिमत्त्व घडवण्याचा हा पहिला ठळक प्रयोग म्हणावा लागेल. ‘सहज’ वाटणारा आपलेपणा तेव्हापासूनच विचारपूर्वक बसवलेला होता, आणि ही गोष्ट पुढच्या साऱ्या सल्लागारांच्या कामाला लागू पडते.

१९५० च्या दशकात दूरचित्रवाणीने संध्याकाळचा श्रोता नेला आणि स्थानिक केंद्रे तबकड्यांकडे वळली. ओमाहाच्या टॉड स्टोर्झ यांनी मोजकी लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा वाजवण्याची ‘टॉप ४०’ पद्धत रुजवली. कंट्री संगीताला मात्र बहुतेक केंद्रांवर पहाटेची, शेतकऱ्यांसाठी राखलेली वेळ तेवढी मिळे. टेक्सासमधील लबक येथे १९५३ मध्ये सुरू झालेले केडीएव्ही हे दिवसभर कंट्री वाजवणारे पहिले केंद्र म्हणून ओळखले जाते. त्या काळी गाणी निवडण्याचा अधिकार डिस्क जॉकीकडे, म्हणजे तबकड्या वाजवणाऱ्या निवेदकाकडे असे. पैसे घेऊन गाणी वाजवण्याचे प्रकरण १९५९ मध्ये उघडकीस आले, दुसऱ्या वर्षी कायदा कडक झाला आणि हा अधिकार केंद्राच्या कार्यक्रम-प्रमुखाकडे गेला. माझ्या मते या इतिहासातील हे सर्वांत निर्णायक वळण आहे, कारण गाणे निवडणारा आणि बोलणारा ही दोन माणसे वेगळी झाल्यावरच दोघांना वेगवेगळा सल्ला देण्याची सोय झाली.

रॉक अँड रोलच्या लाटेत कंट्री संगीताच्या हातची केंद्रे जात होती, म्हणून १९५८ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशन ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली. कंट्री ऐकणारा माणूस खर्च करू शकणारा ग्राहक आहे, हे मोठ्या शहरांतील जाहिरातदारांना पटवणे हे तिचे मुख्य काम होते. तिच्याच मोजणीनुसार पूर्णवेळ कंट्री केंद्रे १९६१ मध्ये ८१ होती, ती १९६९ मध्ये ६०६ झाली. १९७० पासून नॅशव्हिलमध्ये कंट्री रेडिओ सेमिनार भरू लागला. १९७३ मध्ये न्यूयॉर्कचे डब्ल्यूएचएनही कंट्रीकडे वळले. या संगीताशी कधी संबंध न आलेल्या मालकांच्या हाती अशी केंद्रे आली, तेव्हा बाहेरच्या जाणकाराची गरज भासू लागली. रस्टी वॉकर, जेय ऑलब्राइट यांच्यासारखे सल्लागार पुढील दशकांत अनेक शहरांतील केंद्रांना एकाच वेळी मार्गदर्शन करत होते.

त्यांच्यापुढे असलेले माप म्हणजे श्रोते मोजणाऱ्या आर्बिट्रॉन या कंपनीची डायरी. निवडलेल्या श्रोत्याने गुरुवारपासून सात दिवस, कोणते केंद्र किती वाजता लावले, किती वाजता बंद केले आणि ते घरी ऐकले की गाडीत, हे या छोट्या पुस्तिकेत लिहायचे असे. म्हणजे प्रत्यक्षात मोजली जात होती ती आठवण. म्हणून निवेदकाला पहिला धडा मिळे तो केंद्राचे नाव प्रत्येक वेळी उच्चारण्याचा, आणि दुसरा, स्वतःचे नाव लोकांच्या लक्षात राहील असे काहीतरी बोलण्याचा. याच काळात ‘एअरचेक’ची बैठक रूढ झाली. माइक चालू असेल तेवढाच वेळ ध्वनिमुद्रण होई. चार तासांचा कार्यक्रम त्यामुळे काही मिनिटांत ऐकता येई. वाक्य कुठे लांबले, गायकाचा आवाज सुरू होण्याआधी बोलणे संपले की नाही, विनोद कुठे संपायला हवा होता, हे कार्यक्रम-प्रमुख किंवा सल्लागार निवेदकासोबत बसून तपासत असे. चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ही बैठक खरोखरीची शाळा ठरते. निवेदकाने गर्दीला उद्देशून न बोलता एका माणसाशी बोलावे, हा तिथला जुना आणि आजही खरा ठरणारा धडा आहे.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनेल या कंपनीकडे पुढे बाराशेहून अधिक केंद्रे जमा झाली, एका शहरात ध्वनिमुद्रित केलेले निवेदन दुसऱ्या शहरात वाजू लागले आणि निवेदकाच्या गावच्या ओळखीची किंमत घसरली. त्यात २००७ पासून मोठ्या शहरांत डायरीच्या जागी पोर्टेबल पीपल मीटर आला. पेजरएवढे हे यंत्र कमरेला लावायचे. प्रसारणात दडवलेली, कानाला न जाणवणारी खूण ते आपोआप टिपते. पंधरा मिनिटांच्या टप्प्यात पाच मिनिटे ऐकले गेले की तो टप्पा केंद्राच्या खात्यात जमा होई; २०२५ पासून ही अट तीन मिनिटांची झाली. त्यामुळे जाहिराती तासाच्या पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या दोन्ही बाजूंना विभागून ठेवण्याचा सल्ला प्रचलित झाला, कारण मग दोन्ही टप्प्यांत गाण्यांना पुरेशी जागा उरते. निवेदक बोलत असताना श्रोते कोणत्या मिनिटाला गळतात हेही दिसू लागले आणि ‘थोडक्यात आटपा’ ही सूचना सार्वत्रिक झाली. आकड्यांच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. पण ज्या माध्यमाची ताकदच ओळखीच्या आवाजात होती, त्याचे तिने मोठे नुकसान केले, असे मला ठामपणे वाटते.

गाण्यांच्या बाबतीत याच सल्ल्याची सर्वांत कठोर बाजू २०१५ मध्ये समोर आली. कीथ हिल या सल्लागाराने श्रोतृसंख्या वाढवायची तर गायिकांची गाणी कमी करा, असे जाहीर मुलाखतीत सांगितले आणि गायकांना सॅलडमधील पानांची, गायिकांना टोमॅटोची उपमा दिली, म्हणजे पाने भरपूर आणि टोमॅटो मोजके. त्यावर मोठा वाद झाला, परंतु दोन गायिकांची गाणी लागोपाठ वाजवू नयेत हा अलिखित नियम त्यापूर्वीपासूनच पाळला जात होता. संशोधक जेडा वॉटसन यांच्या अभ्यासानुसार, वर्षअखेरीच्या कंट्री प्रसारण-याद्यांतील गायिकांच्या गाण्यांचा वाटा २००० मधील ३३.३ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ११.३ टक्क्यांवर आला. असे नियम चाचण्यांच्या आधारे समर्थनीय ठरवले जातात. या चाचण्यांत श्रोत्याला गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून मत विचारतात, आणि तेवढ्या वेळात ओळखीचे गाणेच चांगले गुण मिळवते. जे गाणे मुळात वाजवलेच गेलेले नाही, ते ओळखीचे होण्याचा प्रश्न येत नाही. त्याला कमी गुण मिळतात आणि तेच गुण पुढच्या आठवड्यात ते न वाजवण्याचे कारण म्हणून दाखवले जातात.