हौद्यातली माती आणि आबांचं हृदय

गेल्या चैत्रात जोतिबाचं दर्शन घेऊन पायऱ्या चढून वर येताना आबा तीन वेळा थांबले. पहिल्यांदा चप्पल नीट करायचं निमित्त झालं, दुसऱ्यांदा गुलाल झटकायचं. तिसऱ्या वेळी निमित्त उरलं नाही. भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "दम लागतोय रं."

आबा ७० वर्षांचे. तरुणपणी कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या तालमीत घुमलेले, पुढं उद्यमनगरात फौंड्रीच्या भट्टीसमोर आयुष्य काढलेले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. चार दिवसांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. रिपोर्टवर सगळं बारीक अक्षरात आणि एकच आकडा ठळक: ईएफ ६० टक्के. रिक्षात आबा गप्प होते. बिंदू चौक आला तेव्हा म्हणाले, "म्हंजे चाळीस टक्के गेलं की."

या गैरसमजानं किती घरांची झोप उडत असेल कोण जाणे, म्हणून आधी तोच दूर करतो. हृदयाचा डावा मोठा कप्पा पूर्ण भरला की त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं ७० मिलिलिटरच्या आसपास बाहेर पडतं, बाकीचं आतच राहतं. बाहेर पडलेल्या रक्ताचा भरलेल्या रक्ताशी हिशेब म्हणजे ईएफ. तो ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असला की उत्तम. शंभर टक्के कुणाचाच नसतो, हिंदकेसरीचासुद्धा नाही. म्हणजे आबांचं हृदय रक्त फेकण्यात कुठंही कमी नव्हतं. मग दम का लागत होता?

ज्या डॉक्टरांनी हे आम्हाला उलगडून दाखवलं त्या सकाळभर पेशंट तपासतात आणि दुपारी तीननंतर अभ्यासाला बसतात. म्हातारं होत जाणारं हृदय हा त्यांचा अभ्यासाचा विषय. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून इथं नुसतं मॅडम. रिपोर्ट हातात असूनही त्यांनी आबांना पुन्हा मशीनखाली घेतलं. खोलीत अंधार, आबा डाव्या कुशीवर, छातीवर गार जेल. मॅडमनी स्क्रीन आमच्याकडं वळवली. प्रत्येक ठोक्यानंतर दोन शिखरं उमटत होती, पहिलं बुटकं, दुसरं उंच.

"हे पहिलं शिखर म्हणजे हृदय सैल पडल्यावर आपोआप आत येणारं रक्त," त्या म्हणाल्या. "दुसरं म्हणजे वरच्या छोट्या कप्प्यानं जोर लावून ढकललेलं. विशीत पहिलं उंच असतं. तुमचं उलटं झालंय. पैलवान, तुमचं हृदय दाबतंय झकास. सुटताना अडतंय."

आबा पडल्या पडल्याच म्हणाले, "हौद्यातली माती उकरली न्हाई की असंच हुतं. चार महिनं फावडं लावलं न्हाई तर फरशीगत घट्ट हुती."

मॅडमनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. हौदा म्हणजे तालमीतला कुस्तीचा आखाडा. त्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू पडतं, पण ती मऊ राहते ती रोज उकरण्यानं. हृदयाचं म्हातारपण समजून घ्यायला मला तरी याहून जवळचं उदाहरण सापडलेलं नाही.

आपल्याकडं ताकद म्हणजे आवळणं, दाबणं, उचलणं. सैल पडणं म्हणजे काही न करणं, असंच आपण धरून चालतो. हृदयाच्या स्नायूत मात्र सैल पडण्यालाही ताकद खर्च करावी लागते. पेशीत कॅल्शियम शिरलं की स्नायूचे तंतू एकमेकांत ओढले जातात. ते सुटायचे असतील तर तेच कॅल्शियम उपसून पुन्हा कोठारात भरावं लागतं, आणि हे उपसण्याचं काम करणारे सूक्ष्म पंप ऊर्जेवर चालतात. वय वाढतं तसे हे पंप मंदावतात. विशीपासून ऐंशीपर्यंत हृदयात सुरुवातीला रक्त भरण्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. आकुंचनाची ताकद मात्र बसल्या जागी तपासली तर बहुतेक तेवढीच राहते. म्हणूनच ईएफचा आकडा छान दिसतो आणि माणूस पायरीवर थांबतो.

पायरीवरच का, खुर्चीत का नाही? मिनिटाला ७० ठोके पडत असतील तर एका ठोक्याला ०.८५ सेकंद मिळतो. त्यातला साधारण एक तृतीयांश दाबण्याचा, उरलेला सैल पडून भरण्याचा. चढताना ठोके १३० वर गेले की सगळा वेळच अर्ध्या सेकंदाच्या आत येतो, आणि कात्री लागते ती मुख्यतः भरण्याच्या वेळेला. लवचिक हृदय तेवढ्यातही भरून घेतं. ताठर हृदयात रक्त भरायला जास्त दाब लागतो, तो दाब मागं फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि दम लागतो. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाला शरीराची गरज भागवता येत नाही अशा, रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा ईएफ असा चांगलाच असतो. आबा त्या टोकाला पोचले नव्हते, पण वाट तीच होती.

पंपांच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. स्नायूंच्या पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजन या प्रथिनाचे धागे वाढतात, आणि रक्तातली साखर त्या धाग्यांना चिकटून त्यांच्यात गाठी पाडते. भाकरीला खरपूस रंग येताना प्रथिनं आणि साखर यांच्यात ज्या जातीची रासायनिक क्रिया होते, तिचीच ही संथ बहीण. मधुमेह असेल तर ती जोरात चालते. गुळाच्या गावात राहणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

आणि तिसरा भार बाहेरून येतो, रक्तवाहिन्यांकडून. महाधमनीला रबरासारखा ताण देणारं इलास्टिन हे प्रथिन शरीर मुख्यतः जन्माआधी आणि बालपणी बनवतं. पुढं आयुष्यभर तेच पुरवायचं. ते झिजत गेलं की धमनी ताठर होते, नाडीची लाट तिच्यातून वेगानं धावते. तरुणपणी हा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर असतो, उतारवयात दहाच्या वर जातो. लाट पुढून आदळून लवकर परत येते आणि हृदय अजून दाबत असतानाच त्याच्या तोंडावर येते. वरचं प्रेशर चढतं, खालचं उतरतं. आबांचं १६८/७२ होतं.

"वय अधिक शंभर, म्हंजे बरोबरच की," आबा म्हणाले. हा हिशेब अजून चावडीवर चालतो आणि तो चूक आहे. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या ४,७३६ लोकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली आले. सगळ्यांचं फक्त वरचं प्रेशर चढलेलं होतं, आबांसारखं. स्वस्तातली, लघवी वाढवणारी गोळी देऊन ते खाली आणलं, तर पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. मॅडमनी त्याच दिवशी गोळी सुरू केली.

झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत का, हा प्रश्न मी विचारला. त्याचं उत्तर अणुबॉम्बनं दिलं आहे. १९५० च्या दशकापासून १९६३ पर्यंत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळं हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला. तो पिकांत, अन्नात, आणि जन्मणाऱ्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत उतरला. चाचण्या थांबल्यावर त्याचं प्रमाण वर्षागणिक घटत गेलं, म्हणून पेशीतल्या कार्बनवरून तिची जन्मतारीख काढता येते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटानं २००९ साली हृदयाच्या स्नायूपेशींची अशी जन्मतारीख काढली. वयाच्या पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. पूर्ण आयुष्यात निम्म्याही बदलत नाहीत. आबांच्या छातीत आज दाबणाऱ्या बहुतेक पेशी त्यांच्या पहिल्या कुस्तीलाही हजर होत्या.

मग म्हातारं हृदय पुन्हा तरुण करता येईल का? इथं मॅडम आम्हाला रिचर्ड ली यांची गोष्ट सांगतात. ली हे बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ, हार्वर्डचे प्राध्यापक. आकुंचन ठीक पण हृदय जाड आणि ताठर, असे वयस्क रुग्ण आणि त्यांच्यासाठी औषध नाही, हीच अडचण त्यांच्या संशोधनाच्या मुळाशी होती. ली आणि एमी वेजर्स यांच्या गटानं एक म्हातारा आणि एक तरुण उंदीर कुशीला कूस शिवून चार आठवडे ठेवले. दोघांचं रक्त एक झालं. म्हाताऱ्या उंदराचं जाड झालेलं हृदय आकारानं उतरलं. हा बदल जीडीएफ-११ नावाच्या प्रथिनामुळं झाला असावा, असं त्यांनी २०१३ साली मांडलं. जगभर गाजावाजा झाला. २०१५ साली स्टीव्हन हाउझर यांच्या गटानं तेच प्रथिन म्हाताऱ्या उंदरांना २८ दिवस दिलं, तर हृदयात काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या एका गटानं दाखवलं की प्रथिन मोजायची मूळ पद्धत त्याच्या जुळ्या भावासारख्या दिसणाऱ्या प्रथिनालाही पकडते.

मला ही गोष्ट अपयशाची वाटत नाही. प्रश्न खाटेशेजारून उठला, प्रयोगशाळेत गेला, आणि उत्तर कच्चं निघालं ते दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं. याहून वेगळी वाट विज्ञानाला नाही. वाईट एवढंच, की मधल्या काळात अमेरिकेत तरुणांच्या रक्तातला प्लाझ्मा विकणारी दुकानं निघाली आणि २०१९ साली तिथल्या औषध प्रशासनाला लोकांना सावध करावं लागलं. औषधाच्या बाजूनं खरी हालचाल २०२१ मध्ये झाली. मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीनं, ईएफ फारसा न घटलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं हे मिळून २१ टक्क्यांनी कमी केलं.

फावड्याची, म्हणजे व्यायामाची, गोष्ट मात्र जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं आणि त्यांची दमश्वास क्षमता, म्हणजे जोराच्या व्यायामात शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं ते, मोजली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा मोजले. तीस वर्षांच्या वयानं जेवढं नेलं नव्हतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं नेलं होतं. मग पन्नाशीतल्या त्या पाचांनी सहा महिने व्यायाम केला आणि तीस वर्षांची घट भरून काढली. हे मी प्रथम वाचलं तेव्हा पान खाली ठेवून उठून उभा राहिलो होतो.

क्षमता परत येते, पण ताठरपणा? डॅलसच्याच बेंजामिन लेव्हिन यांच्या गटानं सत्तरीच्या आसपासच्या बैठ्या लोकांना वर्षभर व्यायाम दिला. दमश्वास क्षमता वाढली, हृदयाचा ताठरपणा तसाच राहिला. मग त्यांनी ४५ ते ६४ वयाचे लोक घेतले आणि दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम करून घेतला, त्यात चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू अशा चार फेऱ्यांचाही दिवस होता. २०१८ साली निष्कर्ष आले: दमश्वास क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि हृदय खरोखर मऊ झालं. म्हणजे उकरायला वेळ असते. आणि आपली वेळ आणखी अलीकडं आहे, कारण ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरीनं ५३ व्या वर्षी आला, इतरांना जवळपास ५९ व्या.

मॅडमच्या वहीत प्रत्येक जुन्या पैलवानाला तीन प्रश्न असतात. व्यायाम कधी सोडला, खुराक कधी सोडला, दम कधी लागायला लागला. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर त्यांना बघायचं असतं. जोर-बैठका सुटतात, पण कट्ट्यावरचं दूध, तूप, मटण सुटत नाही. आबांनी पहिल्याचं उत्तर १९८२ दिलं, लग्नाचं वर्ष. दुसऱ्याला थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "सोडलाय कुठं?"

प्रेशर आटोक्यात आल्यावर, मॅडमनी ट्रेडमिलवर तपासून परवानगी दिल्यावर, आबा पहाटे रंकाळ्यावर जायला लागले. संध्यामठापासून ठरलेल्या झाडापर्यंत जोरात, पुढं हळू. घड्याळ ते बघत नाहीत, श्वास मोजतात. तालमीत वस्तादांनी तसंच शिकवलेलं.

यंदाच्या चैत्रानंतर पुन्हा इको झाला. मॅडमनी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवले. पहिलं शिखर बुटकंच, दुसरं उंचच.

"म्हंजे फरक न्हाई," आबा म्हणाले.

"कागदावर नाही. जोतिबाला किती वेळा थांबलात?"

"एकदा. ते बी नातू मागं राहिला म्हणून."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि वय विचारलं. ४७, मी म्हणालो. त्यांनी वहीचं पान उलटलं, वर माझं नाव घातलं आणि पहिला प्रश्न विचारला.