थंड-स्टार्ट स्विचचे पर्याय (जुन्या मोटारी)

जुन्या पेट्रोल मोटारींत थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा सुटा भाग बिघडला आणि मूळ भाग मिळेनासा झाला, की त्याच्या जागी स्थानिक साहित्यातून उभी केलेली व्यवस्था. 1960 ते 1990च्या दरम्यानच्या युरोपीय गाड्या जपणाऱ्यांत हा प्रकार रूढ आहे.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. बरेचसे पेट्रोल मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींना चिकटून राहते. प्लगपाशी पेट घेण्याजोगे मिश्रण पोचायचे तर एरवीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल सोडावे लागते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हे काम चोक करतो. बॉशच्या इंजेक्शन प्रणालींत (1967मध्ये फोक्सवॅगन 1600वर आलेली डी-जेट्रॉनिक, नंतरच्या के- आणि एल-जेट्रॉनिक) त्यासाठी वेगळा थंड-स्टार्ट इंजेक्टर असतो आणि त्याच्यावर लगाम ठेवायला थर्मो-टाइम स्विच.

हा स्विच म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडेल असा बसवलेला पितळी षटकोनी तुकडा. आत द्विधातूची पट्टी आणि तिच्याभोवती तापणारी बारीक तार. इंजेक्टरला वीज स्टार्टरच्या 50 क्रमांकाच्या टोकाकडून, म्हणजे सेल्फ मारत असतानाच मिळते. अर्थिंग (अर्थ), म्हणजे बॉडीकडे परतणारी जोडणी, मात्र या स्विचमधून जाते. स्विचच्या दोन टोकांपैकी ‘जी’ तारेला तापवते, ‘डब्ल्यू’ इंजेक्टरला अर्थ देते. सेल्फ मारताच पट्टी तापू लागते, काही सेकंदांत वाकते आणि अर्थ तुटतो. षटकोनावर बहुधा ‘35° से., 8 से.’ असे आकडे ठोकलेले असतात. पाणी 35 अंशांच्या वर असेल तर संपर्क आधीच उघडा राहतो; कडक थंडीत फवारा जास्तीत जास्त 8 सेकंद चालतो. म्हणजे पेट्रोल सुरू करण्याबरोबरच वेळेवर बंद करणेही याच तुकड्याकडे असते. घरगुती पर्याय फसतात ते बहुतेक या दुसऱ्या कामात.

स्विचला दोष देण्याआधी इंजेक्टर सोडवून त्याचे तोंड काचेच्या बरणीत धरतात, इग्निशनची ठिणगी बंद करतात आणि सेल्फ मारून पाहतात. ‘डब्ल्यू’ची वायर काढून थेट बॉडीला लावल्यावर फवारा आला, तर इंजेक्टर आणि त्याचा पुरवठा ठीक, गडबड अर्थच्या बाजूला. के-जेट्रॉनिकमध्ये पेट्रोलचा दाब सुमारे 5 बार असतो. त्यामुळे ही चाचणी गरम इंजिनाजवळ किंवा बंद गॅरेजमध्ये करू नये.

सर्वांत सोपा पर्याय डॅशबोर्डखाली बसवलेल्या पुश-बटणाचा. ते दोन तऱ्हांनी जोडतात आणि दोन्हींत फार फरक आहे. बटण फक्त ‘डब्ल्यू’च्या वायरला अर्थ देत असेल, तर पुरवठा 50च्या टोकाकडूनच राहतो आणि किल्ली सोडताच फवारा थांबतो. बटणातून थेट बॅटरीची वीज दिली, तर पंप चालू असेपर्यंत बोट दाबलेले असेल तितका वेळ पेट्रोल ओतत राहते. प्लग ओले होणे हा त्यातला किरकोळ त्रास. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन जाते, संपमधले (इंजिनाच्या तळाच्या टाकीतले) ऑइल पातळ होते. पहिली तऱ्हा मूळ वायरिंग न कापता करता येते, म्हणून अधिक बरी.

के-जेट्रॉनिकच्या पोर्श 911मध्ये तर बॅकफायर झाला (मिश्रण आत येण्याच्या वाटेतच पेटले) की तिथला प्लास्टिकचा एअरबॉक्स, म्हणजे हवेचा डबा, तडकतो. म्हणून या गाड्यांचे मालक त्यात दाब सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवून घेतात.

बटण दाबणाऱ्याच्या अंदाजावर भरवसा नको असेल तर टायमर. 1972मध्ये बाजारात आलेली 555 ही वेळ मोजणारी आयसी, पाण्याचे तापमान पाहणारा थर्मिस्टर आणि इंजेक्टरचा प्रवाह पेलणारा एक रिले, एवढ्यात काम होते. नुसता ठरावीक सेकंदांचा टायमर अपुरा, कारण गरम इंजिनालाही तो तेवढेच पेट्रोल पाजतो.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत अशा पर्यायाचे प्रसिद्ध उदाहरण जॅग्वारचे. एसयू कार्ब्युरेटर असलेल्या एक्सके आणि मार्क 2 गाड्यांत स्टार्टिंगसाठी एक छोटा जादा कार्ब्युरेटर असे आणि पाण्याच्या मार्गातला ‘ऑटर’ स्विच सोलेनॉइडमार्फत तो चालू-बंद करी. हा स्विच बिघडल्यावर, आणि पुष्कळदा बिघडण्याआधीच, मालकांनी डॅशबोर्डवर हाताने चालू-बंद करायचा साधा टॉगल स्विच लावला. तो बंद करायचा विसर पडला तर गाडी काळा धूर सोडू लागते. जादा कार्ब्युरेटर चालू असताना हवा ओढल्याचा फुस्स आवाज येतो, जाणकार त्यावरून ओळखतात. तरी सोबत एक लाल दिवा जोडलेला चांगला. आपोआप चालणारा चोक काढून केबलचा चोक बसवण्याची किटही युरोपात मिळतात.

कुर्ल्यात बनलेली पद्मिनी आणि उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर यांत हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा नाही. तिथे चोक हातानेच ओढायचा. बिघडते ती केबल, आणि सायकलच्या ब्रेकची तार मापाने कापून तिच्या जागी चालवून घेता येते. मुंबईच्या हवेत चोकची गरजच क्वचित पडते, त्यामुळे जाम झालेली केबल वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ती अर्धवट ओढलेल्या स्थितीत अडकली असेल, तर मात्र ॲव्हरेज घटते आणि प्लग काजळतात.