कुत्र्यानं ससा धरला, तर ती शिकार नव्हे?

सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडीकडं रात्री उभ्या शाळूत बॅटरी फिरते, कुत्री सुटतात, ताटं मोडतात. शेतकरी आडवा गेला की सशांमागं आलेल्या टोळीचं ठरलेलं उत्तर येतं: "बंदूक नाही, फासा नाही. कुत्र्यानं धरलं, त्याला शिकार म्हणत नाहीत."

साफ खोटं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्याचा पाठलाग करणं, हाकणं, पकडणं हे सगळं शिकारीतच येतं, नुसता प्रयत्नसुद्धा. म्हणजे ससा निसटला तरी गुन्हा होतोच. (मोडलेल्या शाळूचं कुणी नावही काढत नाही, ते वेगळंच.)

"शेताच्या मालकाला विचारलंय" हेही चालत नाही. शिकारीची परवानगी देणं मालकाच्या हातातच नाही. पीक नासणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. अंधारात एकट्यानं टोळीशी भांडू नका, वनविभागाच्या 1926 वर फोन लावा.