व्हालों-पों-दार्क (आर्देश)

दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश जिल्ह्यातलं छोटंसं गाव. वस्ती अडीच हजाराच्या आसपास, पण जुलै-ऑगस्टात इथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा हा आकडा वाचून शांत खेडं डोळ्यासमोर आणू नये. गावाचं मूळ नाव नुसतं व्हालों. पों दार्क ही त्याच्या खालच्या अंगाला आर्देश नदीवर उभी असलेली नैसर्गिक दगडी कमान, आणि गावाच्या नावाला ती तिथूनच चिकटली. उंची साधारण ५४ मीटर, रुंदी ६० मीटर, आणि नदी सरळ तिच्या पोटाखालून वाहते. ट्रेकर मंडळींनी राजगडाचं किंवा रतनगडाचं नेढं डोळ्यासमोर आणावं आणि ते डोंगरमाथ्यावरून उचलून नदीच्या पात्रात बसवावं, म्हणजे अंदाज येईल. फरक इतकाच की आपलं नेढं काळ्या पाषाणातलं आणि हा चुनखडक, जो पाण्यात हळूहळू विरघळतो, त्यामुळे दोघांची घडण एक समजू नये.

कमान कशी झाली यावर बरंच लिहिलं गेलंय. एवढं नक्की की नदी आधी इथून सरळ जात नव्हती, डोंगराच्या एका सोंडेला मोठा वळसा घालून जायची. तो वळसा आजही दिसतो, त्याला कोंब दार्क म्हणतात, कोरडा पडलाय, तिथे आता द्राक्षाचे मळे आहेत आणि मधून रस्ता जातो. पुढे सोंडेची मान फुटली, नदीला शॉर्टकट मिळाला आणि जुनं वळण सुटलं. वाद आहे तो मान फुटली कशी यावर. जुनं आणि सोपं उत्तर म्हणजे नदीने दोन्ही बाजूंनी कुरतडत कुरतडत भोक पाडलं. दुसरं मत असं की चुनखडकात आधीपासूनच पाण्याने पोखरलेल्या भुयारी वाटा होत्या आणि पुराच्या पाण्याने त्यातलीच एक पकडून मोठी केली. या भागात जमिनीखाली इतक्या गुहा आहेत की दुसरं मत जास्त पटतं, पण दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या असंही म्हणता येईल. वयाच्या बाबतीत जुन्या पुस्तकांमधून पाच लाख वर्षं हा आकडा फिरत असतो. २०२१ मध्ये आलेल्या कालमापनात मात्र वळण सुटल्याचा काळ अदमासे सव्वा लाख वर्षांपूर्वीचा निघाला. आकड्याला मागेपुढे काही हजार वर्षांची सूट द्यावीच लागते, तरी एक गोष्ट त्यातून पक्की होते की पुढे गुहेत चित्रं काढणारी माणसं इथे आली तेव्हा कमान उभी होती.

ती गुहा म्हणजे शोवे गुहा. १८ डिसेंबर १९९४ ला जां-मारी शोवे, एलिएत ब्रुनेल आणि क्रिस्तियां इलेर या तीन गुहाशोधकांना जुन्या वळणाच्या वरच्या कड्यात एका फटीतून हवेची झुळूक येताना जाणवली, त्यांनी दगड बाजूला केले आणि आत उतरले. मूळचं तोंड दरड कोसळून बंद झालेलं होतं, म्हणून सगळं जसंच्या तसं राहिलं. भिंतींवर चारशेच्या वर प्राण्यांची चित्रं आहेत, त्यात सिंह, गेंडे, मॅमथ, अस्वलं, म्हणजे ज्यांची शिकार क्वचितच व्हायची असे प्राणी बरेच. घोडे आणि रानबैलही आहेत. चित्र काढण्याआधी काही ठिकाणी भिंत खरवडून पांढरी केलीय आणि कोळशाची रेघ बोटाने पसरवून सावली आणलीय. एका भिंतीवर तांबडा रंग तळहाताला फासून उमटवलेल्या ठिपक्यांचा थवा आहे, आणि त्यात एका माणसाची करंगळी वाकडी होती हे ठशांवरून ओळखू येतं, तोच माणूस आत आणखी एका ठिकाणी हात उमटवून गेलाय. इतकं जवळून कुणाला पाहायला मिळतं हो.

आता वयाचा प्रश्न, जो या नोंदीचा निम्मा भाग खाणार आहे, कारण इथल्या पर्यटनाची सगळी जाहिरात याच आकड्यावर उभी आहे. १९९५ मध्ये चित्रांच्या कोळशाचं रेडिओकार्बन मापन (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं) झालं आणि आकडा आला ३० ते ३२ हजार वर्षं. ही कच्ची रेडिओकार्बन वर्षं. आपल्या कॅलेंडरच्या वर्षांत आणली, म्हणजे कॅलिब्रेट केली, की ती ३५-३६ हजारांच्या घरात जातात. बऱ्याच लेखांत हे दोन प्रकारचे आकडे एकमेकांत मिसळून दिलेले असतात, त्यामुळे ३२ हजार वाचलं तर आधी कुठली वर्षं ते बघावं. इतकी जुनी आणि इतकी तयारीची चित्रं असू शकतात हे अनेकांना पटेना. त्याआधीची समजूत अशी की कला बाळबोध रेघोट्यांपासून सुरू होऊन हळूहळू लास्को या फ्रान्समधल्याच, पण बऱ्याच नंतरच्या गुहेतल्या चित्रांपर्यंत पोचली. जर्मनीतले संशोधक क्रिस्तियान त्स्युखनर यांनी शैलीवरून चित्रं बरीच उशिराची ठरवली. पॉल पेटिट आणि पॉल बान यांनी २००३ मध्ये मुद्दा काढला की बहुतेक सगळं मापन एकाच प्रयोगशाळेचं आहे. जां कोंबिए आणि गी जूव यांनी तर पुढे जाऊन म्हटलं की कोळसा जुना असेल पण चित्रं त्यानंतरच्या लोकांची.

हा शेवटचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, कारण जुना कोळसा उचलून कोणीही रेघ ओढू शकतो. पण गुहेतच त्याला उत्तर मिळतं. मशाल विझू लागली की तिचं जळकं टोक भिंतीवर घासून झाडतात, तसं काजळीचं एक फराटं इथे एका चित्रावर आहे. आणि ते थेट चित्रावर नाही, चित्रावर आधी साचलेल्या कॅल्साइटच्या (पाण्यातून जमणाऱ्या चुन्याच्या खनिजाच्या) पापुद्र्यावर आहे. फराट्याचं वय निघालं २६ हजार रेडिओकार्बन वर्षांच्या आसपास, म्हणजे खालचं चित्र त्याहून जुनं, आणि पापुद्रा जमायला लागलेला वेळ वेगळाच. त्यात २०१२ मध्ये कोसळलेल्या दरडीचं क्लोरीन-३६ पद्धतीने (खडक उघडा पडून किती काळ झाला ते सांगणाऱ्या) मापन झालं आणि तोंड सुमारे साडेएकवीस हजार वर्षांपूर्वीच पूर्ण बंद झालेलं दिसलं, त्यामुळे त्यानंतरच्या कुणाला आत जाता आलंच नसणार. २०१६ मध्ये अडीचशेहून जास्त मापनं एकत्र मांडून माणसांच्या वावराचे दोन टप्पे (कॅलेंडरच्या वर्षांत) सुचवले गेले, पहिला ३७,००० ते ३३,५०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा ३१,००० ते २८,००० वर्षांपूर्वीचा, आणि अस्वलांचा वावर, त्यांच्या हाडांच्या मापनावरून, साधारण ३३ हजार वर्षांपूर्वी थांबला. शैलीवाल्यांचे आक्षेप अजून पूर्ण मिटलेले नाहीत, पण कोळसा, हाडं आणि दरड असे तीन वेगवेगळे साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवतायत म्हटल्यावर जुना काळ मान्य करणंच बरं. त्याच २०१६ साली आणखी एक मत आलं, की काही फवाऱ्यासारखी चित्रं म्हणजे वरच्या भागातल्या ज्वालामुखीचा उद्रेक असावा. उद्रेकाच्या वयात आठ हजार वर्षं इकडेतिकडे आहेत, त्यामुळे हे मत गंमत म्हणून ठेवावं.

खऱ्या गुहेत पर्यटकांना प्रवेश नाही आणि कधीच नव्हता. लास्कोत माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरलं आणि १९६३ ला ती गुहा बंद करावी लागली, तो धडा ताजा होता. २०१४ मध्ये शोवे गुहा जागतिक वारशाच्या यादीत आली आणि एप्रिल २०१५ मध्ये गावाजवळच्या राझाल पठारावर तिची प्रतिकृती उघडली. मूळ गुहा सुमारे साडेआठ हजार चौरस मीटरची, प्रतिकृती तीन हजारांची, त्यामुळे चित्रं जवळजवळ आणलीयत पण मापं खरी ठेवलीयत. आत गारवा असतो, बाहेर चाळीस अंश असले तरी जॅकेट न्यावं. नकली म्हणून नाक मुरडणारे आत गेल्यावर गप्प होतात.

नदीवर मुख्य उद्योग कनूचा, म्हणजे वल्हवायच्या छोट्या नावेचा. अर्ध्या दिवसाचा छोटा टप्पा गावापासून शामपर्यंत, सात-आठ किलोमीटर, त्यात कमानीच्या जरा आधी शार्लमान्य नावाचा जोराचा उतार लागतो, तिथे बहुतेक नवखे उलटतात आणि काठावरचे लोक टाळ्या पिटतात. मोठा टप्पा नदीच्या पुढच्या खोल घळीतून सें-मार्तें-दार्देशपर्यंत, सुमारे ३२ किलोमीटर. हा दोन दिवसांत करावा, मधल्या मुक्कामासाठी गो आणि गूर्निए या दोनच जागा आहेत आणि आधी बुकिंग लागतं, कारण १९८० पासून घळ राखीव निसर्गक्षेत्र आहे आणि कुठेही तंबू ठोकता येत नाही. सामान झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पिंपात भरतात, ते नावेला बांधायचं, नाहीतर सँडविच आधी पोचतं आणि आपण नंतर. सात वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, लाइफ जॅकेट सक्तीचं, पोहता आलंच पाहिजे. उतरलेल्यांना गाडीने परत आणतात. घळीत ताँप्लिए नावाच्या पुळणीजवळ विवस्त्र राहणाऱ्यांचं ठिकाण आहे, लहान पोरं आणि सासूबाई बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवलेलं बरं. उन्हाळ्यात पाणी उथळ असतं, नावा दगडांना घासतात. शरद ऋतूत उलटं, सेव्हेन डोंगरात ढग फुटले की नदी काही तासांत चढते, सप्टेंबर १८९० चा पूर अजून सांगितला जातो. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की उतरायला बंदी.

घळीच्या काठावरून डी-२९० हा रस्ता जातो, त्यावर व्ह्यू पॉईंटची रांग आहे. सेर द तूरवरून नदीचं वळण सगळ्यात चांगलं दिसतं, सकाळी लवकर जावं. चालणाऱ्यांसाठी खाली पाण्याच्या कडेने दोन दिवसांची वाट आहे, तिच्यात दोन ठिकाणी नदी पायी ओलांडावी लागते. कड्यांवर मोरघारीचं घरटं असतं, हा तोच पक्षी जो सह्याद्रीतही दिसतो, इथे मात्र फार थोड्या जोड्या उरल्यात म्हणून घरट्याजवळच्या कड्यांवर काही महिने चढाईला मनाई असते.

आसपास आवें दोर्न्याक ही प्रचंड गुहा आहे (रोबेर द जोली १९३५ मध्ये उतरला), सें-मार्सेलची गुहा १८३८ पासून माहीत आहे. बालाझ्यूक आणि लाबोम ही कड्याला चिकटलेली दगडी गावं जाताजाता बघावी. व्होग्युए ते ग्रोस्पिएर जुन्या रेल्वेमार्गावर सायकलची वाट केलीय. गावात मेरीच्या (नगरपालिकेच्या) सतराव्या शतकातल्या इमारतीत ओब्युसों गावचे चित्रं विणलेले पडदे आहेत. रेशमाचा धंदाही इथे जोरात होता, लागोर्सला त्याचं छोटं संग्रहालय आहे.

आर्देश जिल्ह्यात १९७३ पासून प्रवासी रेल्वे नाही. माँतेलिमारला उतरून बस धरायची, किंवा गाडी.